हळदीची शपथ

॥ श्री ॥

बेळगाव, ता. १९ ऑक्टोबर १९२६

चि. सौ. कल्याणीस,
अण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल दिवेलागणीला सुखरूप पोचलो. सर्व्हिस मोटारीनं वाटेत दोनदा बसकण मारली, त्यामुळे तू दिलेल्या करंज्या संकेश्वरच्या पुढे उरल्या नाहीत. वहिनीला मी सांगितलं आहे, की तू काही दिलंच नाहीस. तेव्हा पत्रात घोळ घालू नकोस.

आता मुद्द्याचं. तीन वर्षांपूर्वी मुतखड्याच्या कळांवर वैद्यबुवांनी हरिभाऊंना अफू दिली. खडा गेला, अफू राहिली. दिवसाला तीन गोळ्या पोटात गेल्याशिवाय तुझ्या नवऱ्याला तंबाखूच्या वखारीत लेखणी धरवत नाही, आणि माझ्या उपदेशाचा उपयोग शून्य. म्हणून दसऱ्याला त्यांना देवघरात बसवून एका हातात बेलभंडारा दिला, दुसरा हात वसूच्या डोक्यावर ठेवायला लावला आणि वदवून घेतलं, की पुन्हा अफूला शिवलो तर या पोरीचं बरं होणार नाही.

तू पदराआड रडत होतीस ते मी पाहिलं. अगं, मी शाळेत विज्ञान शिकवतो. भंडारा म्हणजे हळद, एवढं मला ठाऊक आहे. पण हरिभाऊंचा खंडोबावर विश्वास आहे आणि पोरीवर जीव आहे, आमचं काम तेवढ्यानं होतंय. चार दिवस तळमळतील. तू द्रवू नकोस, म्हणजे झालं.

वसूला पापा. आहे तो लोभ वाढता राहो.

तुझा अण्णा


॥ श्री ॥

निपाणी, ता. ३ नोव्हेंबर १९२६

ति. स्व. अण्णांस,
कल्याणीचा सा. न. वि. वि.

करंज्यांविषयी मी वहिनीला वेगळं कार्ड टाकून खरं काय ते कळवलं आहे. क्षमा असावी.

तुम्ही गेल्यावरचे पाच दिवस कसे गेले ते लिहवत नाही. सारख्या जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, अंथरुणात पाय झाडणं. मला म्हणाले, खोलीला बाहेरून कडी घाल. मी घातली. मग आतून हाका मारू लागले, विनवू लागले, तरी काढली नाही. तुमचा शब्द होता म्हणून काढली नाही. शेजारच्या अंबुबाई वखारीत तंबाखू निवडायला जातात, त्यांनीच तिकडे यांना ताप आल्याचा निरोप दिला.

पुढे हळूहळू उठून वखारीत जाऊ लागले, आणि दहाव्या दिवशी तर नवलच झालं. संध्याकाळी घरी आले ते शांत, हसतमुख. दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि गाढ झोपले. मी देवापुढे साखर ठेवली. तेव्हापासून प्रकृती ठीक आहे.

एकच कळत नाही. वसूला जवळ येऊ देत नाहीत. ती मांडीवर चढली की उतरवतात, तिच्या डोक्याला चुकूनही हात लावत नाहीत. पोर मला विचारते, मी काय केलं. तुम्ही शहाणे, तुम्हाला काही उमगतं का ते कळवावं. वहिनीचा राग निवळला असेल, तर त्यांनाही नमस्कार.

तुमची कल्याणी


॥ श्री ॥

बेळगाव, ता. ८ नोव्हेंबर १९२६

चि. सौ. कल्याणीस आशीर्वाद.

तुझ्या कार्डाच्या कृपेनं घरात चार दिवस गोड शिजलेलं नाही. असो.

हरिभाऊंची बातमी वाचून छाती फुगली. वसूचं मनाला लावून घेऊ नकोस. शपथेचा धाक आहे, आणि असावाच. उलट रोज संध्याकाळी तिला त्यांच्यासमोर नेऊन बसवत जा, म्हणजे शपथ डोळ्यांपुढून हलणार नाही. टपालाच्या मोटारीची वेळ झाली, म्हणून आवरतो.

तुझा अण्णा


॥ श्री ॥

निपाणी, ता. २६ नोव्हेंबर १९२६

ति. स्व. अण्णांस सा. न.

आज आठवा दिवस, वसूचा ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणतात मुदतीचा ताप आहे, गावात आणखी तीन मुलं अशीच पडली आहेत. पण यांना ते पटत नाही. परवा पोरीच्या उशाशी बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. दहाव्या दिवशी सोसवेना म्हणून अफू खाल्ली आणि तेव्हापासून रोज खातच होते. अण्णा, तुमच्या सांगण्यावरून मी रोज पोरीला पुढ्यात बसवत होते, आणि पोटात गोळी घेतलेला तिचा बाप खाली मान घालून बसत होता. मला काही कळलं नाही.

ताप आल्या दिवसापासून यांनी अफू पुन्हा एकदम तोडली आहे. एका बाजूला पोर, एका बाजूला हे. दोघांचं मीच पाहते, आणि दोघांपैकी कुणाचंच माझ्यानं काही होत नाही. डॉक्टरांनी यांनाही तपासलं. ते म्हणाले, ही चैन नव्हे, दुखणं आहे, आणि ते असं एका झटक्यात तुटत नाही. हरभऱ्याएवढी गोळी असेल तर आठवड्यानं मुगाएवढी, मग मोहरीएवढी, असं उतरत यायचं. त्यांनी तक्ताही लिहून दिला. यांनी तो वाचला आणि परत केला. म्हणाले, "मोहरीएवढी खाल्ली तरी खाल्लीच की. शपथ पोरीच्या डोक्यावर हाय."

सुटायचा रस्ता समोर आहे आणि त्यावर तुमची शपथ आडवी पडली आहे. तुम्हीच घातलीत, तुम्हीच सोडवा. मला याहून जास्त लिहिता येत नाही. लवकर यावं.

कल्याणी


॥ श्री ॥

निपाणी, ता. ३ डिसेंबर १९२६

ति. स्व. अण्णांस सा. न.

तुमचं पत्र काल, गुरुवारी आलं. तुम्ही आपल्या देवघरात बसून ती शपथ स्वतःच्या डोक्यावर घेतलीत, हे वाचून डोळे भरून आले. पण हे बुधवारी पहाटेच घर सोडून निघून गेले.

मंगळवारी वसूचा ताप उतरला. तिनं पेज मागितली तेव्हा हे दारात उभे राहून ढसाढसा रडले. मला वाटलं, संकट टळलं. पहाटे अंबुबाईंना पाणवठ्याच्या वाटेवर भेटले आणि एवढंच सांगून गेले, "पोर वाचली. पर माझा भरवसा न्हाय. घरात ऱ्हाऊन परत खाल्ली तर तिच्यावर यील. लांब असलेलं बरं."

आज एक कार्ड आलं. वसूला ताप नाही ना, एवढीच ओळ. पत्ता नाही, शिक्का खानापूरचा. मी उत्तर कुठं पाठवू? तुमच्यावर रागावू नये असं फार ठरवते, पण जमत नाही. तरी तुमच्याशिवाय सांगू कुणाला?

कल्याणी


॥ श्री ॥

खानापूर, ता. १२ डिसेंबर १९२६

चि. सौ. कल्याणीस आशीर्वाद.

हरिभाऊ सापडले. स्टेशनाजवळच्या लाकडाच्या वखारीत ओंडक्यांवर नंबर घालतात. हाडं वर आली आहेत. मला पाहून पळाले नाहीत, बसायला फळकूट पुढे केलं.

मी सांगितलं, शपथ आता माझ्या डोक्यावर आहे, वसू मोकळी झाली, घरी चला. त्यांनी ऐकून घेतलं. मग अगदी साधेपणानं विचारलं, "अण्णा, तुमचा देवावर विश्वास न्हाय. मग त्यानं तुमचं ऐकलं, हे तुमास्नी कसं कळलं?"

शपथ घालताना मला विश्वासाची गरज पडली नाही, सोडवायला तोच हवा होता. देवानं ऐकलं असं खोटं सांगायला मी तोंड उघडलं, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ओंडक्यांवरचे नंबर वाचू लागलो. कल्याणी, तुझ्या सुखी घराचं मी हे काय करून ठेवलं.

घर सोडल्यावर ते पुन्हा खाऊ लागले होते, पण रात्रीपासून त्यांना गोळी मिळाली नव्हती. माझ्याशी बोलताना दात वाजत होते. मागत मात्र नव्हते. शेवटी मीच उठलो आणि अफूच्या सरकारी मक्त्याच्या दुकानाची पायरी चढलो. दुकानदारानं टोपीकडे पाहून मला मास्तर म्हटलं. गोळी आणली, तू लिहिलेल्या डॉक्टरांच्या तक्त्याप्रमाणे थोडी मोडून बाजूला टाकली आणि उरलेली त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती माझ्यादेखत खाल्ली. थोड्या वेळानं दात वाजायचे थांबले. मग वसू जेवते का, काय काय बोलते, हे विचारत राहिले आणि मी सांगत राहिलो.

घरी यायला तयार नाहीत. केव्हा होतील ते सांगता येत नाही. पुढच्या रविवारी येतो म्हटलं, तर या म्हणाले. तोवरच्या गोळ्या तक्त्याप्रमाणे कातरून पुड्यांत बांधून दिल्या आहेत. आठवडाभर त्या पुरवतील की उद्याच संपवतील, मला माहीत नाही. निरोप घेताना माझ्या ओठांवर आलं होतं, की पुड्या पुरवून खाईन, आता तेवढा शब्द द्या. मी तो मागितला नाही.

माझ्यावर राग असू दे, तो रास्त आहे. त्याच्या शेजारी थोडा लोभ राहिला तर पाहा.

तुझा अण्णा