सगळ्या गावाची एक जून

दादा, काल तहसीलच्या टेबलावर तुमचं अक्षर पाहिलं. तुमच्या शाळेचं जुनं रजिस्टर उघडून ठेवलं होतं आणि त्यावरून एका बाईचं मत राहणार की जाणार, हे ठरायचं होतं.

यंदा मतदार यादीची घरोघर तपासणी चालू आहे आणि आपल्या गावाची यादी माझ्याकडं आहे. मास्तरकीत शिकवणं सोडून सगळं करावं लागतं, असं तुम्ही म्हणायचात. तुम्ही गेलात, पण तुमच्या लेकीच्या मास्तरकीतही त्यात काही बदल नाही. नुसतं ओळखपत्र दाखवून आता भागत नाही, जन्माचा कागद लागतो. शाळेत रोज वाद. एक गुरुजी म्हणतात, कडक केलं ते बरं झालं, मेलेली माणसं यादीत आणि एकेकाचं नाव लोह्यालाही अन् नांदेडलाही. दुसरे म्हणतात, कागद नसलेलाच कटणार, आणि कागद कुणाकडं नसतो ते काय सांगायला पाहिजे? मला दोघांचंही पटतं, म्हणून मी गुमान डबा खाते.

जन्माचा दाखला नसेल तर शाळेचा उतारा चालतो, आणि उतारा काढला की तुम्ही भेटता. पानंच्या पानं एक जून. मला ते दिवस दिसतात: तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून रजिस्टर भरताय, आई भाकरी थापतेय, दारात पोरं घेऊन बाया उभ्या. "कवा जन्मला?" "नांगरट चालली हुती, गुरुजी." तुम्ही पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघता, पोचला की साल अंदाजानं आणि तारीख एक जून. सगळं गाव तुम्ही एकाच दिवशी जन्माला घातलंत.

वेशीजवळच्या दोघी बहिणी त्यातल्याच. धाकटीला सोबत व्हावी म्हणून त्यांच्या आईनं मोठीला घरी थांबवलं आणि दोघींना एकाच दिवशी शाळेत घातलं. तुम्ही दोघींना तारीख एक दिलीत, सालसुद्धा एकच. मोठी गेल्या वर्षी वारली, तिचं नाव मीच वगळलं. तर आता धाकटीवर आक्षेप आला: बाप एक, जन्मतारीख एक, म्हणजे एकाच बाईची दोन नावं, आणि ती मेलेली.

काल सुनावणीला ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. "म्या हितं हुबी हाय अन् मेली म्हंता व्हय, सायब? आजपस्तोर येक मतदान चुकवलं न्हाई म्या." साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "आजी, तुम्ही जिवंत आहात हे दिसतंय. पण या दोन नोंदी दोन बहिणींच्या आहेत, एकीच्याच दोनदा केलेल्या नाहीत, हे कागदावर दिसत नाही." गावाचा जबाब चालत नाही म्हणाले. मग मी सांगितलं, की ही तारीख माझ्या वडिलांनी मनानं लिहिलीय, ते सगळ्यांनाच तीच लिहायचे. चारचौघांत हे बोलताना मला तुमची लाज वाटली, आणि तुमची लाज वाटली याचा रागही आला. साहेबांनी विचारलं, "एखादं उदाहरण आहे? जन्माच्या कागदावर एक तारीख आणि या रजिस्टरात एक जून? तेवढ्यावर मी पुढं लिहू शकतो."

"गुरुजीची लेक हाय ती," म्हातारी म्हणाली, "ती दील की."

नववीत असताना एका फॉर्मवर मी आईनं सांगितलेली तारीख लिहिली होती, तेव्हा तुम्ही तो फॉर्म टरकावला होतात. "रजिस्टरात हाय तेच लिहायचं. आईला काय विचारून राहिलीस? येक वरीस नोकरी जास्त करशील तवा कळंल." कळलं, दादा. त्या जास्तीच्या वर्षातच मी आता नोकरी करतेय. आई गेल्यावर तिच्या पेटीत दवाखान्याची चिठ्ठी सापडली, माझ्या जन्माची, शिक्क्यासकट. चिठ्ठीप्रमाणे मी गेल्याच वर्षी निवृत्त होऊन घरी बसायला हवं होतं. काल सकाळी निघताना ती चिठ्ठी मी पर्समध्ये घातली होती.

"नाही साहेब," मी म्हणाले, "तसा कागद कुठं मिळाला नाही."

नाव कटलं. हे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही म्हणून तुम्हाला लिहितेय. लिहून झालं की फाडून टाकीन. परत येताना बसमध्ये म्हातारी शेजारी बसली होती. माझा हात धरून म्हणाली, "जाऊ दे बाई. तू लई केलंस माज्यासाटी."

मी हो म्हणाले.