भालूच्या डबीतला फॉल्ट

२ फेब्रु. १९८६, रवि.
माळा रिकामा केला. मुलीच्या रुखवताची भांडी ठेवायला जागा हवी, म्हणून निर्मलाने सकाळपासून मला स्टुलावर चढवून ठेवलं होतं. सगळ्यात मागे पेटी. राखाडी पत्रा, वर अँटेनाचं भोक, पुढे एकच बटण. उतरवताना कंबर धरली.
नि. म्हणाली, "हा रेडिओ का? भंगारवाल्याला देऊन टाका."
म्हटलं, रेडिओ नाही. ह्याच्यावर विमान उडवायचो. लाकडाचं, साडेपाच फुटी. मी आणि भालू.
"कोण भालू?"
पंचवीस वर्षं संसार झाला, आणि ती विचारते कोण भालू. तिची चूक नाही. मीच कधी नाव काढलं नाही.

४ फेब्रु.
एक्स्चेंजमधून आल्यावर पेटी उघडली. दोन्ही व्हॉल्व्ह शाबूत. जुन्या बॅटरीचं पाणी सुटून तळाचा पत्रा खाल्लाय. कंडेन्सरचं मेण ओघळलेलं, ते सगळे बदलावे लागणार. पण भालूने दिलेले डाग अजून चकाकतायत. एकही जोड कच्चा नाही. माझं आयुष्य टेलिफोनच्या तारांत गेलं, शेकडो जणांचं सोल्डरिंग पाहिलं. असा हात दुसरा नाही पाहिला.
भालू सावंत, मालवणकडचा. जोगेश्वरीच्या चाळीत आमच्या खोल्या समोरासमोर. सर्किट मी वाचायचो, डाग तो द्यायचा. त्याच्या आईची चूल आणि आमची इस्त्री एकाच निखाऱ्यावर, असं लोक म्हणायचे.

९ फेब्रु., रवि.
नव्वद व्होल्टची बॅटरी आता मिळत नाही. दुकानदाराने असं पाहिलं, जणू मी टांग्याचं चाक मागतोय. शेवटी ट्रान्झिस्टरच्या नऊ व्होल्टवाल्या दहा बॅटऱ्या एकीला एक जोडून माळ केली. नवे कंडेन्सर बसवले. माझे डाग त्याच्या डागांशेजारी अगदीच गचाळ दिसतात.
बोट लागलं, कोपरापर्यंत झणझणलं. नि. आतून, "एप्रिलात लग्न आहे. तेवढं होऊ द्या, मग काय ते करा."

१५ फेब्रु., शनि.
लागली.
तारेचा वेढा करून त्यात टॉर्चचा बल्ब लावला, पेटीतल्या कॉइलजवळ धरला, बटण दाबलं. बल्ब पेटला. ना सेल, ना कुठे जोडलेली वायर. हे पहिल्यांदा भालूने दाखवलं तेव्हा त्याच्या आईने बल्बला नमस्कार केला होता.
नि.ला हाक मारून दाखवलं. "छान आहे. पण ह्याचं करायचं काय?"
तेवढ्यात शेजारच्या वहिनी दारात. "भाऊजी, तुमच्याकडे काही चालू आहे का? आमच्या टीव्हीत हिरोच्या तोंडावर पट्टे येतायत." बंद केली.
काय करायचं, बरोबरच विचारलं. पेटी नुसती हाक मारते. ती ऐकणारी डबी विमानात असायची. डबी भालूकडे.

१६ फेब्रु., रवि.
इथे तरी लिहितो. दुसरीकडे कुठे कधी बोललो नाही.
आमच्या विमानाला बटण एकच. दाबलं की डावीकडे वळणार, सोडलं की सरळ. पुन्हा दाबलं की उजवीकडे. पुढचं परत डावं. म्हणजे मागच्या खेपेला कुठे वळवलं, हे बटणवाल्याने डोक्यात ठेवायचं. विमान काही सांगत नाही.
१९६०. दिंडोशीचं माळरान. अर्धी चाळ बघायला आलेली. मागून कोणीतरी ओरडलं, "झकास रे!" मी मान वळवली, हसलो. पुढे बघतो तर विमान ताडाला घासत चाललेलं, ताड डाव्या अंगाला. उजवं हवं होतं. दाबलं. डावं मिळालं, थेट ताडात. मी मोजायला चुकलो होतो. दाबताक्षणी कळलं मला.
आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "भालू, तुझा रिले अडकला." रिले म्हणजे डबीतली एवढीशी पट्टी, हाक आली की टक् करणारी. ती त्याने बसवलेली.
तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. तुकड्यांतून डबी काढली, रुमालात बांधली. पुढच्याच महिन्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढणार होता, गाळा ठरलेला. नाही काढलं. "माझ्या हाताचो भरवसो नाय रे," म्हणाला आणि बापाबरोबर गिरणीत लागला. मी लवकरच बोरिवलीला राहायला आलो. जोगेश्वरी काय लांब आहे? पण...
फार आठवण येते त्याची. पन्नाशीत असलं लिहायची लाज वाटते. येते.

२० फेब्रु.
कार्ड लिहिलं, फाडलं. दुसरं लिहिलं, "पेटी सापडली, येतो." एवढंच. टाकलं.

२३ फेब्रु., रवि.
गेलो. चाळ तीच, रंग नवा. भालू दारातच उभा.
"केस खय गेले रे तुझे?"
सव्वीस वर्षांनी हे पहिलं वाक्य. मला हसू आलं. गिरणी बंद पडल्यापासून वॉचमन आहे. कुठे, तर दिंडोशीला. "विमान गेला ता ताड होतो ना, थंय आता बिल्डिंग. तिच्याच गेटार बसतंय."
चहा झाला. मी ठरवून गेलो होतो की चहा झाला की सांगायचं. तर त्याने फळीवरून बिस्किटांचा डबा काढला. आत डबी, आईच्या लुगड्याच्या तुकड्यात.
म्हणाला, "अजून गावलो नाय रे तो फॉल्ट."
मला कळेना. तो सांगत राहिला. चार वेळा सगळी सोडवली, चार वेळा जोडली. रिले बदलला. सुट्टीच्या दिवशी भिंग लावून बघत बसायचा. "परत्येक येळाक बरोबरच चलता. मग त्या दिवसाच काय झाला?"
जे बिघडलंच नव्हतं ते तो सव्वीस वर्षं दुरुस्त करतोय. माझ्या एका वाक्यावर.
मी डबी हातात घेतली. म्हणालो, छान ठेवलीयस. पुढच्या रविवारी माळावर जाऊन दोन्ही एकत्र बघू. एवढंच बोलून आलो. नि.ने विचारलं, "भेटले का?" म्हटलं, भेटला.

२ मार्च, रवि.
माळाचा एक तुकडा उरलाय, गाई बांधतात. पूर्वीसारखंच ठरलं. मी पेटीपाशी, तो डबी घेऊन चालत लांब जाणार. रिले वाजला की हात वर करायचा.
पन्नास पावलं, हात वर. शंभर, वर. चाल तीच, डावा खांदा पाडून. तीनशेच्या पुढे तो बोटाएवढा दिसायला लागला. तिथे मी बटण दाबलं आणि तोंडाने म्हणालो, "भालू, मी मोजायला चुकलो होतो."
लांब हात वर गेला.
पुन्हा दाबलं. "रिले बरोबर होता रे." हात वर. "तुझ्या हाताला काही झालेलं नव्हतं." हात वर. दहा-बारा वेळा तरी. गाईवाला माझ्याकडे बघत होता.
मग भालू परत आला. जसजसा जवळ आला तसतसं माझं तोंड बंद झालं.
"इतक्या येळा कशाक दाबलंस?"
"खात्री करत होतो."
डबी माझ्या हातात दिली. "तू ठेव. माझे डोळे गेले आता. तुझी नजर बरी. तुका गावतलो."

८ मार्च, शनि.
आठवडाभर डबी टेबलावर. आज उघडली. बघायचं काय होतं म्हणा. फुंकर मारून धूळ काढली. आत कोपऱ्यात, पत्र्यावर पेन्सिलने बारीक अक्षरात त्याने लिहून ठेवलंय, पुसट: "माझी चूक. शोधणे."
नि.ला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"
खोडरबर घेतलं, पण पुसलं नाही. ते त्याच्यासमोर पुसायला हवं.
उद्या दहाला येतो म्हणालाय, नि.च्या हातचे पोहे खायला. चप्पल काढायच्या आधी विचारेल, गावलो काय? मला "गावलो" म्हणायचंय. त्याच्या पुढचं वाक्य संध्याकाळपासून जुळवतोय.