शनिवारच्या बैठकीची निरवानिरव

मी, लेम्युएल टॅरंट, वय त्रेपन्न, धंदा जुन्या सोफा-खुर्च्यांना नवे कापड चढवण्याचा, राहणार बर्मिंगहॅम, अलाबामा, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही धाकाविना, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. सकाळपासून ताप नाही. अक्षर वाकडे येते ते अशक्तपणाने. त्यावरून माझ्या बुद्धीची शंका कोणी घेऊ नये. मला एड्स आहे. वकिलांनी मसुद्यात 'दीर्घ आजार' घातले होते, ते मी खोडायला लावले.

१. यापूर्वी १९८६ साली मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सर्व काही होझिया पिकन्स याला दिले होते. अकरा वर्षे आम्ही एका घरात राहिलो. १९९१ साली तो माझ्याआधी गेला. ते मृत्युपत्र मी आज रद्द करतो. तेवढे करायला मला चार वर्षे लागली.

२. माझे राहते घर व मागची कामाची पडवी ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून, ती मी कॉर्नेलियस ऊर्फ नीली गेन्स यास कायमची देतो. नीली शाळेची बस चालवीत असे. त्याचा आजार कळताच घरमालकिणीने खोली रिकामी करायला लावली, तेव्हापासून तो माझ्याकडे आहे. तो माझा कोण लागतो, असे नातेवाइकांनी विचारू नये. मला आंघोळ तो घालतो.

३. थोरली बहीण ओडेसा हिच्याकडे आईच्या चिनी मातीच्या थाळ्या आहेत. दोन वर्षांपूर्वी सणाच्या जेवणाला सगळ्यांची पाने त्या थाळ्यांत वाढली, मला कागदाची पत्रावळ आली. ओडेसा म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस हं लेम, घरात लेकरंबाळं आहेत." मी तिच्यावर जेवलो आणि घरी आलो. त्या थाळ्यांतला माझा निम्मा हिस्सा मी सोडतो. तिने निर्धास्त वापराव्यात. माझे बोट त्यांना लागलेले नाही.

४. हातोड्या, वाकड्या सुया, शिलाई मशीन ज्याला काम येते त्यालाच द्यावीत. शोभेला कोणी मांडू नये.

५. आमच्या चर्चच्या बाकांना तांबडी मखमल मी चढवली, मजुरी न घेता. होझियाच्या अंत्यविधीला पाद्रीबाबांनी त्याच बाकांवरच्या लोकांना सांगितले की तो मूत्रपिंडाच्या विकाराने गेला. मी तिसऱ्या रांगेत 'कुटुंबाचा मित्र' म्हणून बसलो होतो आणि उठून काही बोललो नाही. माझे शव तिथे नेऊ नये.

६. आता बैठकीविषयी. १९८८ पासून दर शनिवारी दुपारी माझ्या पुढच्या खोलीत आमच्यासारखे काळे पुरुष जमतात. काहींचा जीव फक्त पुरुषांवर, काहींना बायका-मुलेही आहेत. एड्सविषयी छापील पत्रके येत, पण त्यांवरच्या चित्रांत आमच्यासारखा एकही नसे. म्हणून आम्ही बोलून शिकू लागलो. कंडोम कसा लावायचा ते दहा मिनिटांत येते. 'लाव' म्हणायला जीभ वळत नाही, सराव तिलाच लागतो. दोन खुर्च्या समोरासमोर मांडायच्या. एकाने गळ घालायची, दुसऱ्याने मन न मोडता नाही म्हणायचे. गळ घालायला नेहमी मीच.

"एकदाच रे. माझ्यावर विश्वास नाही का?" मी म्हणे.

"विश्वास आहे, कंडोमपण आहे. दोन्ही एकाच खिशात ठेवतो," नीली म्हणे, आणि खोली हसून लोळे. इतका पटाईत दुसरा कोणी नव्हता.

१९९२ च्या एप्रिलात त्याच्या तपासणीत विषाणू निघाला. हातात टोपी चुरगाळत तो पडवीत आला. मी संतापलो. "मग इतके शनिवार काय केलंस?"

"लेमकाका, तुम्हाला नाही म्हणायला काय जातंय? तुमच्यावर कुठे माझा जीव आहे?" तो म्हणाला. "ज्याच्यावर होता, त्याच्यापुढे तोंडच उघडेना. तुम्ही घरी काय केलंत?"

त्याचे उत्तर इथे देतो. मी घरी काही केले नाही. तीन वर्षे लोकांना शिकवले आणि होझियाला एकदाही विचारले नाही. एकदा विषय काढू पाहिला, तेव्हा तो मक्याचा पाव कुस्करत म्हणाला, "शनिवारची शाळा घरात आणू नकोस. मी काय परका आहे?" मी त्याला भाजी वाढली. कोणाकडून कोणाला लागण झाली ते मला ठाऊक नाही. आम्ही दोघांनीही तपासणी टाळली. मला त्याच्या उत्तरापेक्षा त्याच्या रुसण्याची भीती होती.

गेल्या शनिवारी नऊ जण आले होते. मी नीलीला म्हणालो, "आज गळ तू घाल. तू होझिया."

तो बसला. "लेम," तो म्हणाला, "मी काय परका आहे?"

मी म्हणालो, "परका नाहीस, म्हणूनच विचारतोय. उद्या दोघं जाऊन तपासून घेऊ. तोवर असं नको."

नीलीला होझियाचे तेवढे एक वाक्य मी आधी सांगून ठेवले होते, पुढचे बोलणे सांगितलेले नव्हते. तो म्हणाला, "बरं."

होझियाही कदाचित एवढेच म्हणाला असता. ते आता मला कळण्याचा मार्ग नाही.

७. घर नीलीचे झाल्यावर पुढची खोली शनिवारी उघडी ठेवावी, एवढी एकच अट. नव्या माणसाला आधी विचारावे, तुझा जीव कोणावर आहे. आणि त्याचेच नाव समोरच्या खुर्चीत बसवावे.

हे सर्व मी वाचून पाहिले, पटले, म्हणून सही करतो.

लेम्युएल टॅरंट

लेम्युएल टॅरंट यांनी आम्हा दोघांदेखत, अंथरुणात उठून बसून, स्वतःच्या हाताने सही केली. त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर साक्षीदार म्हणून सह्या केल्या. नीली गेन्स यांना मिळकत मिळत असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही. ते बाहेर थांबले होते.

साक्षीदार:
बर्निस हॉलोवे, परिचारिका
क्लाइड मॅकॅडू, बैठकीतील सभासद

बर्मिंगहॅम, अलाबामा
दि. ९ फेब्रुवारी १९९५