जत्रेआधीचं पथ्य

शिनोली,
चैत्र, २००८

प्रिय अमृत,

शिनोलीहून कुंडलिकचा रामराम. तुझी तब्येत बरी असेल, पोरं अभ्यास करत असतील (नसली तरी तसंच कळव). इकडे आमच्या हर्षालीने चौथीची स्कॉलरशिप दिली, म्हैस व्यायली आणि जत्रा पुढच्या शनिवारी आहे. मोहिनीवहिनी म्हणाल्या, रजा नाही म्हणून यंदा तू येत नाहीस. पुण्याला गेल्यापासून तू एकही जत्रा चुकवलेली नाहीस, म्हणून हे पत्र. (मोबाइलवर बोललो असतो, पण तू मधेच तोडतोस.) आधी माझी हकिकत वाच, मग ठरव.

तर माझ्या लिव्हरला सूज आहे. घोडेगावच्या डॉक्टरांपुढे बराच वेळ बसून आलो. ते म्हणाले, पोटात गेलेलं औषध असो की दारू, रक्तातून आधी लिव्हरपुढे येतं. दारूचं लिव्हर प्रथम दारूहूनही जहाल विष करतं (इथे मी खुर्चीतच सरकलो), मग लगेच चायनीजच्या गाडीवरच्या व्हिनेगरच्या जातीचं सौम्य काहीतरी आणि शेवटी नुसतं पाणी आणि हवा. पण डिंभ्याच्या एसटीसारखं, आपल्याच चालीने. कितीही गर्दी करा, घाई नाही. दारू निपटेपर्यंत चरबी जाळायचं कामही पडून राहतं, मग चरबी साठते, सूज येते. दुखत काही नाही, म्हणून पत्ता लागत नाही. मी विचारलं, ताक, लिंबू, गार पाण्याची आंघोळ? ते म्हणाले, "त्याने माणूस ओला होतो, दारू उतरत नाही."

तेव्हा मला शहाण्णव सालचे आपण दोघं आठवलो. डिंभ्याला धरणाकाठी मासे खाल्ले, शेवटची एसटी आलीच नाही आणि तिची वाट बघता बघता बाटली संपली. उतरावी म्हणून तू मला नदीत बुचकळलंस, मी तुला. मग वासासाठी पेरूची अर्धी फांदी चघळत घर गाठलं, तर तुझे वडील, धर्माजीतात्या, ओट्यावरच. "वास पेरूचा येतोय," तात्या म्हणाले, "पर पेरू खाऊन कुणी आसं डुलत न्हाई, राव." मग भाकरी वाढायला सांगितली. तात्या गेले, पण ती संध्याकाळ मला अजून हवीशी वाटते. तिच्यातली बाटली मी मनातल्या मनात काढून बघितली, काही कमी झालं नाही. तुला काढून बघवेना.

असो. घरी साळुबाईला सांगितलं तर म्हणाली, "बोकडाच्या कलेजीची लई माया, सोताच्या न्हाई!" तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ उकडलेला दुधी, बिनमिठाचा. शेजारच्या धोंडाबाईंनी कडू काडेचिराइताचा काढा पाठवला (तो प्यायल्यावर दुधी गोड लागतो). आपल्या भिमाजीने गावभर केलं, "कुंडलिकभाऊचं लिव्हर गेलं, यंदा त्याच्याम्होरं बाटली काढायची न्हाय." बसणारी सगळी मंडळी हळहळून ताकावर तयार झाली आहेत. अशा जत्रेला तू येशील का, एवढंच विचारायचं होतं.

तुझा,
कुंडलिक

ता. क. माझं लिव्हर ठणठणीत आहे. सूज तुझ्या लिव्हरला आहे. वहिनी फोनवर तुझ्या रिपोर्टचं सांगताना रडल्या, म्हणून तेच विचारायला मी डॉक्टरांकडे गेलो. आता थांबलास तर उतरेल म्हणाले. रजेचं कारणही मला कळतं. गावात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "बसायचं ना?" आणि तुला कुणाला नाही म्हणता येत नाही. ते म्हणायचं काम मी करून ठेवलं आहे. तू नुसता ये.

आणखी एक. साळुबाईला खरं काय ते ठाऊक आहे, तरी दुधी बंद झालेला नाही. लवकर ये, निम्मा तुझा आहे.