पुण्याच्या घरचा डिनर सेट

बाबा, तुमच्या नातीला शाळेत अमेरिकेत सुरुवातीला उतरलेल्या इंग्रजांचा धडा आहे. परवा इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घरी मी मेथी निवडत होते आणि ती मोठ्याने वाचत होती. दलदलीतली वस्ती, प्यायला खारट पाणी, तापाने पटापट मेलेली माणसं. तरी कित्येक जण सोनं शोधत फिरत राहिले, कारण ते मिळालं की परत जायचं होतं. शेताकडे कुणी धड पाहिलं नाही. पुढे हिवाळ्यात बुटांचं कातडं उकडून खायची वेळ आली. "व्हाय डिडन्ट दे जस्ट ग्रो फूड, मम्मा?" तिने विचारलं. मी म्हटलं, "राहायचं नव्हतं ना त्यांना तिथे." आणि मला तुमचा इतका राग आला की मेथी तशीच टाकून उठले.

शारजाच्या त्या एका खोलीत आपण वर्षानुवर्षं प्लास्टिकच्या ताटल्यांत जेवलो. आईने हौसेने घेतलेला काचेचा डिनर सेट पलंगाखाली खोक्यात. मिक्सर, चादरी, पडदेही तिथेच, सगळं पुण्याच्या न बांधलेल्या घरासाठी. माझा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी तिने तो सेट काढला, श्रीखंड-पुरी वाढली. तुम्ही रास अल खोरच्या वर्कशॉपमधून येता, बूट काढता काढता ताटांकडे बघता. "हे कशाला काढलंस? इथे काय जन्म काढायचाय? एक फुटलं की सेट खलास." आई हसून म्हणते, "अहो, पोरीचं कौतुक आहे." जेवणं झाल्यावर ती एकेक ताट पुसून पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळत बसते. त्या श्रीखंडाची चव मला आठवत नाही.

आई शारजातच गेली. पुण्याच्या घराला तेव्हा रंग द्यायचा राहिला होता. मग तुम्ही एकटे तिथे गेलात आणि उरलेली वर्षं खानावळीच्या डब्यातून जेवलात. खोकी उघडलीसुद्धा नाहीत. कुणासाठी हो जपलंत? तिचं अख्खं आयुष्य तुम्ही बांधून ठेवलंत आणि त्याला संसार म्हणालात.

मागच्या शनिवारी मी सहा खुर्च्यांचं अवजड लाकडी टेबल घेतलं. नवरा म्हणाला, "अगं, परत जाताना हे कसं शिफ्ट करणार?" म्हटलं, "नाहीच करायचं." संध्याकाळी सगळे त्याच्याभोवती जेवायला बसलो. हे पत्र आता कुठे पाठवणार? पण त्या टेबलाशी तुम्ही हवे होतात, बाबा. भांडायला तरी.