सगळ्यांचा एक जून

१७ सप्टेंबर २००७

थकलो. सकाळी झेंडावंदनानंतर फळ्यावर दिनविशेष लिहिला: आजच्या दिवशी मराठवाडा निजामाच्या राज्यातून मुक्त झाला. तांड्यावरची सुनीताची माय फळ्यापाशीच थांबली. म्हणाली, "गुरुजी, माझं लेकरू बी याच दिवशी झालं. शाळेत झेंड्याचं गाणं चालू व्हतं, मले बराबर ध्यानात हाय. तुमी एक जून काहून लिवलं?"

नाव दाखल करताना मी तिला विचारलंच नव्हतं. पहिलीच्या प्रवेशाला वय बसावं म्हणून वर्गातली निम्मी पोरं मीच एक जूनला जन्माला घातली. दाखल-खारीज रजिस्टरात आता खाडाखोड चालत नाही. दिनविशेष मात्र रोज तपासून लिहितो, तारीख चुकू नये म्हणून!

माझी जन्मतारीखही एक जूनच. माझ्या गुरुजींनीही विचारलं नसेल. आणि आता विचारायला माय उरली नाही.