कुत्र्याला टाकलेलं काळीज

आबा, मी डोळे वटारत नव्हते. किल्लारीत भूकंप झाला त्या साली मी चुलीपुढं भाकरी थापत होते आणि तुम्ही माझ्या थोबाडीत मारली, "बापावर डोळं वटारतीस व्हय?" म्हणून. माझा एकच डोळा पुढं आला होता, आबा. एकच डोळा कुणाला वटारता येतो? नुसत्या चालीवरनं मेंढराचा रोग सांगणारी तुमची नजर, पोरीच्या तोंडावर पडली न्हाई.

पुढं सहा महिन्यांनी आईनं जतहून एस.टी.नं मिरजेला नेलं, तुम्ही रडतखडत मागनं आलात. डॉक्टरांनी डोळ्यामागनं लिंबाएवढी पाण्याची पिशवी काढली. डोळा जागेवर बसला, नजर गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, मेंढराच्या काळजात अशाच पिशव्या असतात. ते कच्चं खाऊन कुत्र्याच्या पोटात जंत होतात, त्यांची अंडी अंगणात पडतात, तिथनं माणसाच्या हाताला लागून पोटात जातात. मग त्यांनी विचारलं, मेंढरू कापल्यावर खराब काळीज कुणाला घालता? आई तुमच्याकडं बघतेय. मी पट्टी बांधून पडून ऐकतेय. आणि तुम्ही म्हणता, "पुरतो की, सायेब."

कवा पुरलं? दर जत्रेला तुमच्या तांबड्या कुत्र्याला पिशव्यांसकट काळीज टाकायचात, त्यानं ते वरच्यावर झेललं की लय हसायचात. त्याची ताटली मीच घासायचे, आपल्या ताटांसंगं. बरं, डॉक्टरांचं ऐकून तरी पुरलंत? पुढच्याच जत्रेला माझ्यासमोर परत टाकलंत.

तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली. आता तुमचा लेक टाकतो. त्याची चार वर्षांची नात कुत्र्याच्या गळ्यात हात घालून झोपते. मी त्याला म्हटलं, खड्डा काढून पूर. तर म्हणतो, "आबांनी कवा पुरलं गं, आक्का?"

मंगळवारी जत्रा हाय. खड्डा मीच खणलाय, कमरेएवढा. काळीज त्याच्या हातातनं हिसकून घेणार आणि तुमचं खोटं खरं करणार. हा कागद टपालाच्या पेटीत टाकायचा न्हाई, तुमच्या फोटोमागं खोचतेय. खोचताना मात्र डोळा वटारला, खरं सांगते. नजर उरलेला एकच हाय तो.

त्या दिवशी खोटं का बोललात, ते सोमवारी दिवे लागायच्या आत सांगा. न्हाईतर काळजासंगं तुमचा फोटोबी त्याच खड्ड्यात जाईल.